उसना ससा

माझ्या आत्याचा राग तिच्या धंद्यासारखाच आहे. ओलं गवत रचून ठेवलं तर गंजीच्या पोटात ते आठ-दहा दिवस मुकाट धुमसतं. वरून हात फिरवा, थंडगार. मग एका दुपारी धूर निघतो आणि लोक म्हणतात, अचानक पेटलं. अचानक काही पेटत नसतं.

बाजाराच्या टोकाला, पत्र्याच्या शेडखाली आत्या तीस वर्षं वाळलं गवत विकते. माल घेताना ती डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही. बाही वर सारते, गंजीत कोपरापर्यंत हात घालते आणि डोळे मिटते. आतली ऊब, ओल, बुरशी, सगळं तिला तो हात सांगतो. शाळा मी फार पाहिली नाही, पण असा हात शाळेत मिळत नाही हे छातीठोक सांगतो. त्याच गवताच्या धुळीने तिला दमा दिला. दम लागला की तोंडात फवारायचा पंप ती समोरच्या औषधाच्या दुकानातून आणायची.

तो औषधवाला एका सकाळी पुठ्ठ्याचा खोका घेऊन शेडमध्ये आला.

"आत्याबाई, तुमच्याकडे गवत आहेच. हा ठेवून घ्या."

"काय आहे हे?"

"ससा. मुलीची हौस होती, फिटली. आता चावतो मेला. तुम्हाला नको असेल तर माळावर सोडतो. जनावरच ते, जगेल कुठेही." असं म्हणत त्याने कान धरून ससा वर उचलला.

"खाली ठेव."

"अहो, सशाला असंच उचल..."

"तुझे कान धरून उचलू का तुला? खाली ठेव म्हणते!"

तोवर आत्या त्याला अहो-जाहो करायची. त्या क्षणी ते सुटलं, ते कायमचं.

ससा पांढरा असावा. पोटाखाली मुताने पिवळा पडला होता. पिंजऱ्याच्या तारेवर बसून तळपाय सोललेले, नखं आकड्यासारखी वळलेली, हनुवटी लाळेने भिजलेली. आत्याने कोवळ्या गवताची काडी पुढे धरली. त्याने हुंगली, तोंड उघडलं आणि तसाच थांबला. पुन्हा उघडलं, पुन्हा थांबला. भूक आहे, घास समोर आहे आणि चावता येत नाही!

"काय घालत होतास याला?"

"बिस्किटं, पाव. आवडीने खायचा."

"आणि गवत?"

"घरभर कचरा होतो हो त्याचा."

आत्याने खोका उचलून गुरांच्या डॉक्टरकडे नेला. त्याने बॅटरी लावून सशाच्या तोंडात पाहिलं. मग म्हणाला, "याचे दात जन्मभर वाढतात, बाई. गवत चावून झिजायचे. गवतच नाही, तर झिजणार कशाने? मागचा दात जिभेत रुतलाय." त्याने दात कापले, नखं कापली. "उद्या संध्याकाळपर्यंत लेंड्या टाकल्या तर जगला म्हणा. सशाचं पोट थांबलं की ससा संपला."

"औषधवाल्याच्या घरात राहत होता हा," आत्या म्हणाली. डॉक्टरने मान खाली घातली.

तिने सगळ्यात मऊ पाती निवडली, खलबत्त्यात कुटली, पाण्यात कालवली आणि बिनसुईच्या पिचकारीने थेंब थेंब त्याच्या तोंडात सोडायला लागली. सशाने मागचा पाय जमिनीवर आपटला. धप्प! आत्यानेही आपला पाय आपटला.

"मला दटावतोस? मोठा फौजदार लागून गेलास! गीळ मुकाट."

नाव पडलं ते असं. दोन्ही दिवस हेच चाललं. गिऱ्हाइकांना ती बसल्या जागेवरून ओरडायची, "पेंढ्या तुमच्या तुम्ही उचला!"

"एका सशापायी दुकान वाऱ्यावर सोडलंस होय, आत्या?" दूधवाला हसत म्हणाला.

"तुझी म्हैस फुगली होती तेव्हाही सोडलं होतं. तेव्हा नाही दात काढलेस."

पिचकारी संपली की ती त्याच्या पोटाखाली हात सरकवायची आणि गंजीपाशी मिटते तसे डोळे मिटायची. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या कपाळावरची आठी हलली. "गुरगुरलं," ती म्हणाली. संध्याकाळी चार बारक्या, कोरड्या लेंड्या पडल्या. त्या तळहातावर घेऊन नातू झाल्यासारखी ती दूधवाल्याला दाखवायला गेली.

तीन महिन्यांत फौजदार गुबगुबीत झाला. शेडमध्ये मोकळा हिंडायचा, आवडलं नाही की पाय आपटायचा. आणि मग औषधवाला पुन्हा आला.

"वा! काय अंग धरलंय! चार दिवस नेतो हं याला. मेहुण्याची मुलं येतायत, ससा दाखवतो म्हणून सांगून बसलोय. पाठीवर निजवला ना, की गपगार झोपतो. मुलांना फार गंमत वाटते."

"झोपतो?"

"उघड्या डोळ्यांनी!"

"थिजतो तो. मांजराच्या तोंडात उंदीर थिजतो, तसा. आणि तुम्ही घरचे सगळे टाळ्या पिटत होतात."

"तुम्ही काय डॉक्टर लागून गेलात? ससा माझा आहे. सांभाळायला दिला होता." तो कानांसाठी वाकला. धप्प करून फौजदार पेंढ्यांमागे गेला. आत्याने गवत ओढायचं दाताळं मधे आडवं धरलं. तीन महिने आत धुमसत होतं, ते आता बाहेर आलं.

"शिडी उसनी नेतात. कढई नेतात. जीव उसना नेतात होय रे? हा तुझ्या घरात रोज मरत होता आणि तुला आवाज आला नाही, कारण त्याला आवाजच नाही. मुकी बिचारी कुणी हाका! माझ्या शेडमध्ये नाही चालायचं ते. नीघ!"

तो सरळ झाला. कपडे झटकले. हळूच म्हणाला, "ठीक आहे. पंप संपला की माझीच पायरी चढाल ना? तेव्हा बघू."

मी वजनकाट्यापाशी उभा होतो. आत्याचा हात छातीकडे गेलेला मला दिसला.

"नाही चढणार," ती म्हणाली.

तेव्हापासून ती टेकडीपलीकडच्या दुकानातून पंप आणते. दम्याच्या माणसाला ती चढण म्हणजे शिक्षाच. तीनदा बसते वाटेत. मी म्हटलं, "आत्या, मी आणतो की." तर म्हणाली, "राग माझा आहे. पायही माझेच झिजू देत."

आता औषधवाला पायरीवरून हाका मारतो. "अहो आत्याबाई, गंमत केली होती मी! या, घेऊन जा पंप." आत्या मान वर करत नाही. फौजदारासाठी मऊ पाती निवडत राहते. शांत दिसते. निवळली, असं त्याला वाटतं.

वरून हात फिरवणाऱ्याला तसंच वाटणार.