मिस्टरांच्या शब्दावर

कोल्हापूर सोडलं त्या सकाळी बाबा स्टँडवर आले होते. आमच्याकडे फुटबॉलची टीम तालमीची असते. मी तालमीचा मिडफिल्डर, आणि दोह्याच्या एका अकॅडमीत असिस्टंट कोच म्हणून निघालेलो. बस सुटताना बाबा म्हणाले, "शिकून ये लेका. मग तालमीची पोरं तूच सांभाळायचीस."

शिकवायला मिस्टर भेटले, अकॅडमीचे इटालियन हेड कोच. इटालियन खेळाडू कोचला मिस्टर म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणायचो. ते स्वतः जुने मिडफिल्डर. गुडघा गेला आणि ऐन भरात खेळ सुटला. अल थुमामाच्या मैदानावर, उन्हं कलल्यावर, बॉल पायाशी यायच्या आधीच मान वळवून मागं बघायचं, हे त्यांनी माझ्या अंगात मुरवलं. इतकी वर्षं खेळून ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग तालमीचा निरोप आला, कोच म्हणून ये. मी निघायच्या तयारीला लागलो. त्याच आठवड्यात मिस्टर ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या फ्लॅटवर जेवायला आले. पांढरा रस्सा मागून मागून प्यायले आणि माझ्या बायकोला इंग्रजीत म्हणाले, "मला मोठी टीम मिळणार आहे. मी जाईन तिथं हा माझ्याबरोबर."

मी तालमीला नकार कळवला. बाबांनी फोन ठेवून दिला.

मोठी टीम मिळाली. मला ते टीव्हीवर कळलं. मिस्टरांच्या शेजारी त्यांच्या गावाकडचा असिस्टंट बसला होता. फोन लावला तर म्हणाले, फुटबॉलमध्ये असंच असतं, मनाला लावून घेऊ नकोस. तेवढं मी गिळलं असतं. पण नंतर आमच्या मल्याळी मॅनेजरनं सांगितलं की नव्या क्लबनं माझ्याबद्दल विचारलं होतं, आणि मिस्टरांचं उत्तर होतं, "माणूस भला आहे. प्रॅक्टिसला प्लॅस्टिकचे कोन मांडायला चांगला."

अजून त्याच अकॅडमीत आहे. खलास म्हणून सोडताही येत नाही.

या सुट्टीत गावी बाबा आणि लेकीबरोबर तालमीची मॅच बघायला गेलो. घर म्हटलं की मला अजून तेच मैदान दिसतं. पास चुकला की तिथं गॅलरीतून मला हक्कानं शिव्या बसायच्या. आता कोच आहे माझ्याबरोबर खेळलेला दिग्या. त्यानं खुर्ची मागवली, रुमालानं पुसली. म्हणाला, "बसा साहेब, ऊन लागंल."

लेकीनं विचारलं, "पप्पा, इज धिस युअर टीम?"

बाबा शेजारीच होते. एवढं इंग्रजी त्यांना कळतं.

"होती, बाळा," ते म्हणाले.