उतरायचं कुरण

उडणाऱ्या माणसांबद्दल आपल्या मनात उगाचच काहीतरी उदात्त कल्पना असते. माझ्याही मनात होती, नवरा हँग ग्लायडिंगच्या क्लबात दाखल होईपर्यंत. जर्मनीत र्युसेल्सहाइम गावी मोटारींच्या कारखान्यात तो ब्रेकवर काम करायचा, म्हणजे आठवडाभर गाड्या थांबवायच्या आणि रविवारी आपण उडायचं. चाळिशीत पुरुषांना काही ना काही होतं, तसं हे झालं असं मी समजले. दारू किंवा दुसरी बाई यापेक्षा बरं, असं पुण्यातल्या मैत्रिणींना फोनवर सांगून हसायचेही.

क्लबात तीसेक सभासद होते. त्यातले सात-आठ खरोखर उडत. उरलेले सभेला येत. उडण्यासाठी वारा ठराविक दिशेने आणि ठराविक जोराने लागतो, सभेला फक्त बिअर लागते. त्यामुळे उडण्यापेक्षा सभा जास्त होत. अध्यक्ष जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. वाऱ्यानेही आधी रीतसर अर्ज करायला हवा, अशा चेहऱ्याने ते आकाशाकडे बघत. गेल्या कित्येक वर्षांत त्यांना जमीन सोडताना कुणी पाहिलं नव्हतं, पण नियमावली त्यांना तोंडपाठ होती.

टेकडी ओडेनवाल्डच्या डोंगररांगेच्या कडेला, आमच्या घरापासून तासाभरावर. वर लाकडी उतार बांधलेला, त्यावरून धावत जाऊन उडी मारायची. तिथे जाणाऱ्या जंगलातल्या रस्त्याला आडवा दांडा आणि त्याला कुलूप. किल्ल्या मोजक्या, एका वेळी वर तीनच गाड्या, पक्ष्यांच्या विणीच्या दिवसांत सगळंच बंद. हे सगळं सांभाळलं तरी खाली उतरायला जागा हवी. ती होती पायथ्याचं एक कुरण. भोवती झाडं, विजेच्या तारा आणि ओढा, त्यामुळे उतरायला दुसरी जागाच नव्हती. कुरण गावातल्या एका म्हाताऱ्या बाईंचं होतं आणि त्यांची परवानगी तोंडी होती, त्यांच्या नवऱ्याच्या काळापासून चालत आलेली. ते कुरण गेलं असतं तर टेकडीही गेली असती, आणि माझ्या नवऱ्याचा रविवारही.

माझं काम गाडी खाली आणण्याचं. नवरा वरून उडी मारणार, मी गाडी घेऊन नागमोडी रस्त्याने खाली येणार आणि कुरणाच्या कडेला त्याची वाट बघत बसणार. तो कधी दहा मिनिटांत यायचा, कधी तीन तासांनी. इतर बायका घडीच्या खुर्च्या टाकून बसत, केक कापत, कुणाचा नवरा किती उंच गेला याची चर्चा करत. मी गाडीतच बसायचे. चहाचा थर्मास, चिवड्याचा डबा, पुण्याहून आणलेली पुस्तकं. तीन उन्हाळे मी तिथे असेच काढले. मला त्या लोकांशी काही देणंघेणं नव्हतं आणि ते त्यांना कळावं अशी माझी इच्छा होती. नवरा घरी येताना उडण्याबद्दल, वाऱ्याबद्दल, खाली भेटलेल्या माणसांबद्दल, कुणीतरी दिलेल्या प्लमच्या पिशवीबद्दल भरभरून बोलायचा. मी हं हं करायचे.

मग एकदा कुत्रा घेऊन फिरणारं एक कुटुंब कुरणात शिरलं आणि त्यांना चुकवताना उतरणाऱ्या एकाचा खांदा निखळला. यावर चार माणसांनी चहा पिता पिता उपाय काढला असता. क्लबने तीन सभा घेतल्या. तिसऱ्या सभेत ठरलं की उड्डाणं चालू असताना कुरणावर एक देखरेख करणारी व्यक्ती हवी. तिने नारिंगी वेस्ट घालायची, गळ्यात शिट्टी अडकवायची आणि उड्डाण न करणाऱ्या कुठल्याही व्यक्तीला कुरणाबाहेर काढायचं. कुठल्याही. हा शब्द अध्यक्षांनी खास आग्रहाने घालून घेतला असं नवऱ्याने सांगितलं. आम्ही त्या दिवशी गाडीत खूप हसलो होतो.

वर्षाला प्रत्येक सभासदाने क्लबसाठी ठराविक तास काम करायचं असतं. गवत कापा, दांडा रंगवा, झुडपं तोडा. ते पुरे झाले नाहीत तर किल्ली परत. त्या वर्षी नवरा कारखान्याच्या कामासाठी सारखा बाहेर होता आणि त्याचे तास कमी पडत होते. घरच्या माणसाने भरले तरी चालतात असा नियम निघाला. म्हणून ऑगस्टमधल्या एका रविवारी, नवरा वर आणि मी खाली, माझ्या अंगावर नारिंगी वेस्ट चढली. देखरेखीच्या नोंदींसाठी क्लबने दिलेल्या वहीत मी नाव लिहिलं, वेळ लिहिली, सही केली.

आता खरं सांगते. मला ते आवडलं. कारखान्यातल्या लोकांच्या पार्ट्यांत मी कुणाची तरी बायको होते, सरकारी कचेरीत खिडकीपलीकडच्या बाईसाठी एक अवघड आडनाव होते. इथे मी शिट्टी फुंकली की धिप्पाड जर्मन मुलगे सायकलवरून उतरून माफी मागत होते. दोन तासांत मी चौघांना हाकललं. वेस्ट मला दोन मापं मोठी होती, तरी मी ताठ उभी होते.

तेवढ्यात एक म्हातारी ओढ्याच्या बाजूने आत आली. फुलाफुलांचा एप्रन, पायात रबरी चपला, हातात दाताळं. घुशीसारखा एक प्राणी इथल्या कुरणांत मातीचे ढीग काढून ठेवतो. ती एकेका ढिगाजवळ थांबायची आणि दाताळ्याने माती पसरायची, स्वतःच्या अंगणात असल्यासारखी. वर दोन ग्लायडर घिरट्या घालत होते. मी शिट्टी फुंकली. तिने मान वर केली आणि पुन्हा काम सुरू केलं. मग मी चालत गेले आणि क्लासमध्ये शिकलेल्या माझ्या स्वच्छ, सभ्य जर्मनमध्ये सांगितलं की इथे थांबायला मनाई आहे, कृपया ताबडतोब बाहेर जा.

"असं कोण म्हणतं?" तिने विचारलं.

"क्लब."

"आणि कुरण कुणाचं?"

"आमचं," मी म्हटलं.

ती माझ्या वेस्टकडे थोडा वेळ बघत राहिली. मग "आख सो", म्हणजे अस्सं, म्हणाली, दाताळं खांद्यावर घेतलं आणि निघून गेली. ओढ्यापाशी तिने वळून पाहिलं, तेव्हा मी वहीत नोंद करत होते: एक व्यक्ती, पायी, बाहेर काढली.

मंगळवारी अध्यक्षांना कुरणाच्या मालकीणबाईंचा फोन आला. कुरणाची परवानगी रद्द, आजपासून. कारण विचारल्यावर बाईंनी सांगितलं, वहीत बघा.

तातडीची सभा भरली. नवऱ्याबरोबर मीही गेले, कारण नाव माझं होतं. मला वाटलं आता हे माझी सालटी काढणार, आणि मी उत्तरं तयार ठेवली होती. तुमचेच नियम, तुमचीच वेस्ट, मालकीणबाईंचा साधा फोटोसुद्धा कुणाला दाखवलेला नाही. पण अध्यक्षांनी वही उघडली, माझी नोंद मोठ्याने वाचली, मग नियमावली वाचली आणि चष्मा काढून म्हणाले की आल्झो, तर मग, देखरेख करणाऱ्या व्यक्तीने संपूर्णपणे नियमाप्रमाणे काम केलं आहे. "कुठल्याही व्यक्तीला" असं स्पष्ट लिहिलेलं आहे. टेबलाभोवती गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, सुरू झालं. मग त्यांनी ठरवलं की हे मालकीणबाईंना लेखी समजावून सांगायचं, म्हणजे त्यांचा गैरसमज दूर होईल.

ज्या बाईला तिच्याच जमिनीवरून हाकललं, तिला पत्र पाठवून सांगायचं की हाकलणं बरोबर होतं. असा मूर्खपणा करायला अनेक वर्षांची सभांची सवय लागते. मी तो समोर घडताना बघत होते. एक हात वर केला असता, एक वाक्य बोलले असते, तर पत्र थांबलं असतं. मी गप्प बसले. मी बरोबर होते असं तेरा माणसं एकमताने म्हणत होती, आणि या देशात आल्यापासून असं कधी घडलं नव्हतं. नवऱ्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग टेबलाकडे बघत बसला. पत्र गेलं.

दहा दिवस मला नीट झोप लागली नाही. शेवटी शनिवारी सकाळी मी बेसनाचे लाडू केले आणि नवऱ्याला म्हटलं, मला तिकडे घेऊन चल. तो काही न विचारता निघाला. गाडी त्याने थेट त्या घरापाशी नेली, पत्ता न शोधता. तो गाडीत थांबला आणि मी बेल वाजवली.

बाईंनी दार उघडलं, मला ओळखलं. माझी चूक झाली, मी म्हटलं, मी माफी मागायला आले आहे. त्या आत गेल्या आणि ते पत्र घेऊन आल्या.

"इथे लिहिलंय की तुमचं बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "क्लबचा शिक्का आहे."

मी म्हटलं की पत्र चुकीचं आहे. ते लिहायचं ठरलं तेव्हा तुम्ही तिथे होता का, त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली, पत्र घडी घालून माझ्या हातात दिलं. त्या चिडल्या नव्हत्या, दमलेल्या वाटत होत्या. कुरण शेजाऱ्याला द्यायचं ठरलंय, तो पुढच्या वर्षी मका लावणार, एवढं सांगून त्यांनी दार लावून घेतलं. लाडूंचा डबा माझ्याच हातात राहिला.

गाडीत येऊन बसले. मका लावणार म्हणाल्या, मी सांगितलं. मक्यात कुणी उतरू शकत नाही, हे मला माहीत होतं आणि त्यालाही. त्याने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले, पण गाडी सुरू केली नाही.

"ते मातीचे ढीग त्या आमच्यासाठी सपाट करायच्या," तो म्हणाला. "उतरताना धावावं लागतं ना, पाय मुरगळू नये म्हणून. तुला सांगितलं होतं मी. प्लम कोण देतं, तेही सांगितलं होतं."

असेल सांगितलं.

"तू खरंच ओळखलं नाहीस त्यांना? दर रविवारी गाडीसमोरून जायच्या. हात करायच्या."

मला कुणी हात केल्याचं आठवत नाही, मी म्हटलं.

"तुलाच करायच्या," तो म्हणाला, आणि गाडी सुरू केली.