भिंतीवरच्या फोटोसाठी आलेली आजी

असल्या गोष्टी कोणी सांगायला लागलं की मी तोंडावर हसायचो. आज मीच लिहायला बसलोय... हसायचं तर हसा.

जबलपूरला घमापुरात माझा फोटो स्टुडिओ आहे. कोणाच्या मदतीशिवाय उभा केला. स्वभाव तिखट, भाव पाडून मागणाऱ्याला सरळ हाकलतो. दादाशीही असंच झालं. बाबा गेले तेव्हा मी कामाने नागपूरला होतो, कळताच निघालो होतो, पण त्याने माझी वाट न पाहता अग्नी दिला. तो याच शहरात, रांझीला, फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये. सहा वर्षं बोललो नाही. घरचे सगळे नंबर ब्लॉक. सौद्यात जो आधी बोलतो तो हरतो, एवढं मला कळत होतं.

मागच्या हिवाळ्यात भर दुपारी एक म्हातारी आली. पांढरं लुगडं, हातात कापडी पिशवी.

"भैया, भिंतीवर लावायचा फोटो पाहिजे. मी गेल्यावर पोरं शोधत नको बसायला."

"आजी, अजून वीस वर्षं आहेत तुमची."

"अच्छा! आणि तोवर तू भाव वाढवशील. आजच काढ."

मला हसू आलं. तिला स्टुलावर बसवलं. पाय टेकत नव्हते, म्हणून खाली पाट सरकवायला वाकलो. तिने माझ्या उजव्या बुटाकडे बोट केलं.

"हाच ना रे चाकात गेलता?"

लहानपणी दादाच्या सायकलच्या चाकात माझा पाय गेला होता. चूक माझी होती. दादाने "छोटूला मीच पाडलं" सांगून बाबांचा मार खाल्ला. हे आम्हा दोघांशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"काहून रागावतो? रांझीला जाऊन ये, बाबू. तो वाट पाहून राहिला."

डोकं भडकलं. म्हणजे दादाने मध्यस्थ पाठवली! "त्याला म्हणावं, स्वतः ये."

"त्याच्यानं आता होत नाही रे," ती म्हणाली आणि कॅमेऱ्याकडे बघू लागली.

फोटो काढला, उद्या या म्हणालो. ती गेल्यावर — आता लिहायची लाज वाटते — मी खूश होतो. शेवटी तोच आधी बोलला!

सकाळी अनोळखी नंबरवरून पुतणी रडत होती. दादा गेला.

रांझीला पोचल्या पोचल्या वहिनीला विचारलं, काल माझ्याकडे कोणाला पाठवलं होतं?

"कोण पाठवणार, भाऊजी? चार दिवसांपासून लकवा होता. वाचाच गेली होती त्यांची. तुम्हाला किती फोन लावले..."

मोबाईलवर म्हातारीचा फोटो दाखवला. चेहरा अगदी स्पष्ट. घरात, शेजारी, कोणीच ओळखलं नाही.

तिरडी बांधून तयार होती, माणसं अंगणात ताटकळली होती. "उचललं काहून नाही अजून?" मी विचारलं.

वहिनी म्हणाली, "चांगले होते तेव्हाच सांगून ठेवलं होतं त्यांनी. छोटू आल्याशिवाय मला उचलायचं नाही."

म्हातारी फोटो न्यायला आलीच नाही. मी तो मोठा करून दुकानात लावलाय. कोणी तरी ओळखेल म्हणून. कोण होती, तिला कसं कळलं... मला आजही सांगता येत नाही.

मला एवढंच सांगता येतं की घमापुराहून रांझी मोटारसायकलने वीस मिनिटं आहे. आणि त्या दुपारी तिच्यानंतर दुकानात एकही गिऱ्हाईक आलं नव्हतं.