डाळ चुकली आहे

मुलांनो, आमच्या शेजारच्या अक्काइतका वेळ एका बिलावर घालवणारं माणूस बिदर आणि कलबुर्गी या दोन्ही जिल्ह्यांत शोधून सापडणार नाही. लोक कादंबरी वाचतात तसं ती बिल वाचते. तेही काउंटरवरच उभी राहून, दुकानाच्या नावापासून शेवटच्या ‘पुन्हा या’पर्यंत. मागे रांग वाढली की ती रांगेलाही कामाला लावते. तुम्हीबी आपापलं बघून घ्या की, म्हणते. ती मूळची दुबलगुंडीची, लग्न होऊन हुमनाबादला आली. सासरी धान्याचं दुकान होतं आणि ते बंद होईपर्यंत गल्ल्यावर हीच बसत असे. त्यामुळे दुकानदाराच्या सगळ्या युक्त्या तिला आतून ठाऊक आहेत. कशा ठाऊक, असं मी एकदा विचारलं, तर जराही न लाजता म्हणाली, "आमीच केल्यात की समद्या."

बस स्टँडच्या रस्त्यावर नवं सुपरमार्केट झाल्यापासून आम्ही दोघी दर गुरुवारी तिथं जातो. माझ्याजवळ यादी असते, रॅकच्या क्रमानं लिहिलेली, आणि मी वीस मिनिटांत मोकळी होते. अक्काजवळ यादी नसते, बॉलपेन असतं. प्रत्येक रॅकवरच्या किमतीच्या पाटीसमोर ती थांबते आणि आकडा डाव्या तळहातावर लिहून घेते. साबण अंगठ्याखाली, तेल मधोमध, डाळी मनगटाकडे. कागद का नाही वापरत, तर कागद हरवतो, हात कुठं जातोय? एकदा बिस्किटांच्या पुड्यावर छापील किमतीवर दुसरी पट्टी चिकटवलेली होती. अक्कानं ती नखानं खरवडून काढली आणि खालचा आकडा सगळ्या काउंटरला दाखवला. पिशवीचे पैसे तर तिनं आजवर दिलेले नाहीत. पिशवीवर दुकानाचं नाव छापलेलं असतं. तुमची जाहिरात गावभर मी मिरवायची आणि वर पैसेही मीच द्यायचे का, असं तिनं विचारल्यापासून मॅनेजर तिला पिशवी मुकाट्यानं देतो. मला तिच्या या सगळ्या वागण्याचं फार कुतूहल वाटायचं, कारण कंजूष म्हणावं तर दारात आलेल्याला ती कधी रिकाम्या हातानं पाठवत नाही. शेवटी एकदा तिनंच उलगडून सांगितलं. "बाई, पाटी म्हंजी जबान हाय. दुकानानं दिलेली. जबान देऊन फिरायचं न्हाई."

आता तो गुरुवार. अक्कानं तुरीच्या डाळीचा पुडा घेतला. तिच्या मनगटावर लिहिलं होतं एकशे पंचेचाळीस आणि बिलात आले एकशे पासष्ट. मॅनेजर पोरसवदा पण सभ्य आहे. तो आम्हाला रॅककडे घेऊन गेला, तर पाटीवर स्वच्छ एकशे पासष्ट. अक्कानं हात पुढे केला. त्यानं तो आदरानं पाहिला आणि म्हणाला, "अक्का, वय झालं की असं व्हतंय. चाराचा सहा, सहाचा चार दिसतंय. आमच्या अज्जीचंबी तसंच हाय." मग माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, टीचर, तुम्ही बघितला होता का आकडा? मी बघितला नव्हता. माझ्या यादीत डाळ नव्हती, त्यामुळे मी त्या रॅककडे गेलेच नव्हते. माझं लक्ष नव्हतं, असं मी म्हणाले, आणि ते खरंच होतं. अक्कानं पैसे दिले आणि उरलेलं बिल न वाचताच ती बाहेर पडली. हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

तुम्हाला वाटेल, वीस रुपयांचा प्रश्न. पण अक्काचा मुलगा बंगळुरूला असतो आणि वर्षभर तो एकच धोशा लावून होता, की आईची नजर गेली आहे, तिनं आता एकटीनं राहू नये, आपल्याकडे यावं, तिथं किराणा फोनवर दारात येतो. अक्काला आपलं घर सोडायचं नव्हतं. त्या संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा तिनंच भाबडेपणानं त्याला डाळीची गोष्ट सांगितली, आणि त्यानं लगेच निकाल दिला. अव्वा, मी म्हणत होतो ना? पुढच्या महिन्यात न्यायला येतो. म्हणजे तो आकडा चार होता की सहा, यावर आता घराला कुलूप लागायचं की नाही ते ठरणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती कागद घेऊन माझ्याकडे आली. "अर्ज लिवा, बाई. कन्नडात." अक्का कन्नड झऱ्यासारखं बोलते, पण शाळा मराठी झाल्यामुळे तिला ते लिहिता येत नाही. माझं उलटं. नोकरीत कायम व्हायला कन्नडची परीक्षा द्यावी लागली होती, म्हणून अक्षरं येतात, पण कान मराठीच राहिला. अर्ज आहे म्हणून अक्कानं पुस्तकी कन्नड काढलं आणि सांगू लागली, ‘बेळे बेले तप्पागिदे.’ मला वाटलं, रागाच्या भरात ती एकच शब्द दोनदा म्हणाली. तीस वर्षं मुलांच्या निबंधांतली पुनरुक्ती लाल शाईनं खोडलेली बाई मी. त्यातला एक शब्द ठेवला, एक गाळला, आणि स्वच्छ अक्षरात अर्ज पुरा केला. अक्का तो लगेच दुकानात देऊन आली.

शनिवारी आम्ही उत्तर मागायला गेलो, तर दुकानात वेगळंच दृश्य. डाळींचा अख्खा रॅक रिकामा करून ठेवलेला, फरशीवर पुड्यांचे ढीग, आणि मॅनेजर स्वतः एकेक पुडा उजेडात धरून न्याहाळतोय. अक्कानं विचारलं, "काय शोधायलास रे?" तो काकुळतीला येऊन म्हणाला, "तुमीच लिवलंय की, डाळीत काय तरी चुकलंय म्हणून. खडं न्हाईत, किडं न्हाईत, मग चुकलंय काय ते तर सांगा." अक्का माझ्याकडे पाहू लागली आणि मी छताकडे. तेवढ्यात रॅक पुसणाऱ्या बाईनं फळीच्या मागच्या फटीतून एक पाटी ओढून काढली. तुरीची डाळ, एकशे पंचेचाळीस. ही मीच गुरुवारी दुपारी बदलली, तेव्हा मागं पडली हुती, असं ती सरळ सांगून मोकळी झाली. कॉम्प्युटरमध्ये भाव सकाळीच वाढला होता. पाटी बदलायला दुपार झाली, आणि ती नेमकी आम्ही काउंटरच्या रांगेत असताना.

मॅनेजरनं लगेच वीस रुपये पुढे केले, माफीही मागितली. अक्कानं नोट घेतली नाही. "माझ्या एकटीचं न्हाई. सकाळपास्नं ज्यांनी ज्यांनी नेली त्यांचंबी." शेवटी त्यानं दारावर कन्नडमध्ये कागद लावला, की गुरुवारची बिलं आणा आणि फरक घेऊन जा. अक्कानं तो मला मोठ्यानं वाचायला लावला. त्यात ‘बेळे’ही होतं आणि ‘बेले’ही होतं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बेळे म्हणजे डाळ, आणि बेले म्हणजे किंमत. मी किंमत गाळून त्यांना कळवलं होतं, की तुमची डाळ चुकली आहे. पण मी बरोबर लिहिलं असतं, तर अर्ज एखाद्या फायलीत गेला असता आणि रॅक कुणी रिकामा केला नसता. अक्का मात्र अजून गल्लीत सांगते, बाईंचं कन्नड लई भारी, एका अर्जात दुकान हललं.

मुलाला तिनं त्याच दिवशी फोन केला. तो हसला, बरं म्हणाला, दिवाळीला बघू म्हणाला. फोन ठेवून अक्का पायरीवर येऊन बसली. मीही बसले. मग ती हळूच म्हणाली, "खरं सांगू का बाई? दोन दिस मलाबी वाटायलं हुतं, मीच चुकले आसन म्हणून. दारात उभं ऱ्हाऊन भिंतीवरचं कॅलेंडर वाचून बघत हुते."

मी म्हणाले, "मला नव्हतं वाटलं."

अक्का माझ्याकडे वळली आणि बिलाकडे पाहते तेवढा वेळ पाहत राहिली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि म्हणाली, "बसा, चहा ठिवते."