गुरुजींना थंडी सोसत नाही
मी मूळची लातूरची. नांदेडात वैद्यकीय कॉलेजात शरीररचना शिकवते आणि माझा आवाज पार जिन्यापर्यंत जातो. पोरं माघारी काय म्हणतात ते ठाऊक आहे. म्हणू देत. पाठांतराच्या जोरावर भरघोस मार्क घेऊन येतात, अन् गळ्याजवळचं हाड हातात दिलं की डावं का उजवं सांगता येत नाही. मग ओरडू नाही तर काय आरती ओवाळू?

त्या दिवशी बिलोलीच्या एका पोरीवर असंच तोंड सुटलं होतं. तेवढ्यात कंधारचे एक रिटायर्ड गुरुजी देहदानाचा अर्ज घेऊन दारात आले. म्हणाले, "मॅडम, लेकरू घाबरलं की डावं-उजवं सगळंच जातं. बाळ, ते हाड स्वतःच्या गळ्याशी धरून बघ बरं." पोरीनं धरलं आणि बरोबर सांगितलं. मला राग आला, आणि खरं सांगते, लाजही वाटली.

गुरुजी भलते खूश. "मेल्यावर बी वर्ग सुटणार न्हाई आपला!" पण अर्जावर बायकोची सही नव्हती. घरच्यांची संमती नसेल तर आम्ही देह घेत नाही, मी स्पष्ट सांगितलं. त्यांचा चेहराच पडला. "तिथंच तर अडलंय, मॅडम. लई समजावलं, ऐकतच न्हाई."

पुढच्या आठवड्यात ते बायकोला घेऊनच आले. प्रॅक्टिकल नुकतंच संपलेलं, पोरं माझ्या केबिनच्या दारात घोळका करून उभी. मी अग्नी, दहावं, मोक्ष, सगळ्याची उत्तरं तयार ठेवली होती. आजींनी पदर सावरला आणि विचारलं, "ह्यांना थंडी सोसत न्हाई हो. उन्हाळ्यात बी पायावर चादर लागती. तुमी फ्रीजमधी ठेवता म्हणं?"

पोरं खुसखुसली. मी नुसतं बघितलं तशी चिडीचूप. म्हटलं, "थंडीत थोडेच दिवस, आजी. नंतर टेबलावर. आणि रोज काम संपलं की अंगभर चादर घालतो आम्ही."

"दाखवा."

आता आली का पंचाईत! नाही म्हणवेना. देह ठेवतो त्या हॉलचं दार उघडलं, तर पहिल्याच टेबलावरची चादर वर सरकलेली, दोन्ही पाय उघडे. मी पोरांवर तोंड टाकायच्या आत आजी पुढं झाल्या. चादर खाली ओढली, टाचांखाली नीट खोचली. "कुणाचं कोण असंल," म्हणाल्या. गुरुजी दारातच उभे होते.

बिलोलीची पोर शेजारीच होती. आजींनी तिला विचारलं, "ह्यांच्या पायावर बी चादर घालशील का गं माय?"

"घालीन, आजी. रोज."

"मंग आणा तो कागद."