साटमकाकांचं सील

आमच्या मजल्यावरचे दामाजी साटम ठाण्याच्या कोर्टात बत्तीस वर्षं बेलिफ होते. समन्स घेऊन लोकांच्या दारात उभं राहायचं, "साहेब गावाला गेलेत" असं बाई सांगत असताना पडद्याखालून साहेबांचे पाय दिसतायत का ते बघायचं आणि जप्तीच्या मालावर सही केलेली कागदी पट्टी डिंकाने चिकटवायची, हे त्यांचं काम. निवृत्तीला नऊ वर्षं झाली, पण पडद्याखालचे पाय त्यांना अजून दिसतात. दूधवाला हसला तर काका दूध मोजून घेतात, नाही हसला तर दोनदा मोजून घेतात. माझ्या बायकोने परवा वाटीभर शिरा पाठवला, तर म्हणाले, "आज कशाबद्दल?"

अशा माणसाच्या डोंबिवलीतल्या घरात गेल्या रविवारी कॉम्प्युटरचा दुसरा मॉनिटर आला.

त्यांची सून रसिका एका विमा कंपनीचे दावे घरबसल्या तपासते. कंपनीने नवा नियम काढला: घरून काम करायचं तर टेबलावर दोन पडदे हवेत, एकावर कागद वाचायचे, दुसऱ्यावर नोंद करायची. सोमवारी सकाळी अकराला पुण्याहून कंपनीच्या निशा मॅडम व्हिडिओवर टेबल बघणार होत्या. दोन्ही पडदे चालू दिसले तर ठीक, नाहीतर एक तारखेपासून पुण्याच्या ऑफिसात हजर व्हायचं. म्हणजे रसिका, मुलगा सिद्धेश आणि चौथीतली नात संचिता, सगळं बिऱ्हाड पुण्याला. काका आणि मनुकाकू मागे.

काकांनी मला जिन्यात गाठलं. आवाज बारीक करून म्हणाले, "यात मला काळंबेरं दिसतंय. डोळे दोन असले तरी माणूस बघतो एकीकडेच. मग पडदे दोन कशाला? हिलाच पुण्याला जायचं असणार. मॉनिटर चालला नाही, मी तरी काय करू, असं म्हणून मोकळी."

"अहो काका, मग तिने तो मागवला कशाला?"

"पुरावा!" काका म्हणाले आणि दोन पायऱ्या वर जाऊन पुन्हा खाली आले. "तुम्हाला तिने काही सांगितलंय?"

रविवारी संध्याकाळी खोकं आलं. फिटर येईपर्यंत कुणी माल बदलू नये म्हणून काकांनी सगळ्या मालाला सील केलं. खोकं, स्टँड, स्क्रूची पिशवी आणि केबलीची दोन्ही टोकं. काकांचं सील म्हणजे तीन पदरी कागद, भरपूर डिंक, आडवी सही आणि तारीख. सकाळपर्यंत त्याचं लाकूड झालं होतं.

सोमवारी दहाला विठ्ठलवाडीहून जयेश आला. पस्तिशीचा, रोज चार ठिकाणी मॉनिटर बसवणारा अनुभवी माणूस, पण बेलिफ त्याने पाहिला नव्हता. दारातच त्याचं ओळखपत्र उतरवून घेतलं गेलं. बॅगेतल्या वस्तूंची यादी झाली आणि लागतील तेवढी हत्यारं बाहेर काढून बॅग मनुकाकूंच्या ताब्यात गेली. काकूंनी ती पिठाच्या डब्यावर ठेवली आणि निमूटपणे शेजारी स्टूल घेऊन बसल्या. मला पंच म्हणून बोलावलेलं होतंच.

"रसिका, माल तुझ्या नावाचा. सीलं तोडायचा आदेश तू दे," काका म्हणाले.

रसिकाने घड्याळाकडे बघत कागदावर सही केली. आदेशात तीनच वस्तू होत्या: खोकं, स्टँड, पिशवी. काकांनी तिन्ही पट्ट्या माझ्यासमोर कापल्या.

जयेशने टेबलाच्या कडेला शिकंजा आवळला, त्यावर स्टँडचा हात चढवला आणि मॉनिटरच्या पाठीला स्क्रू पिळले. काका मोठ्याने मोजत होते.

"चार झाले. पाचवा कुठाय?"

"चारच लागतात काका."

"पिशवीत पाच आहेत."

"एक जास्तीचा देतात कंपनीवाले."

"कोण कशाला कुणाला जास्तीचं देईल?" असं म्हणून काकांनी पाचवा स्क्रू रुमालात बांधून खिशात ठेवला.

मग केबल हातात घेऊन जयेश थबकला. "काका, ही पट्टी काढू ना?"

"धातूला लागलीय का?"

"नाय, मागच्या प्लॅस्टिकला आहे."

"मग राहू दे. केबल आदेशात नाही."

जयेशने खांदे उडवले, केबलीची टोकं दोन्हीकडे खुपसली आणि बटण दाबलं. दिवा लागला, पण पडदा काळाच. त्यावर सिग्नल नसल्याची ओळ आली आणि तीही गेली.

पिठाच्या डब्याजवळ काकूंच्या बांगड्या वाजल्या. साडेदहा झाले होते.

"वाटलंच होतं!" काकांनी आधी जयेशकडे बघितलं, मग रसिकाकडे, मग माझ्याकडे. "यात कोण कोण सामील आहे?"

"काका, मी कालपण दोन बसवलेले, एकदम मस्त चालू आहेत," जयेश म्हणाला. "माझ्या बॅगेत दुसरी केबल आहे. ती लावून बघू?"

"बाहेरचा माल आत येणार नाही. म्हणजे जुनी लावायची आणि आमची नवी घेऊन जायची!"

"बाबा, तो कशाला आपली केबल नेईल?" रसिकाचा आवाज चढला.

"तू बरी त्याची बाजू घेतेस!"

जयेश गुडघ्यावर बसला आणि मॉनिटरच्या पाठीत मोबाइलचा उजेड पाडला. "बघा, सॉकेट आत खोल आहे. तुमचा कागद कडेला अडतोय. प्लग पूर्ण बसतच नाय." काकांनी फूटपट्टी आणून मोजलं. दोन मिलीमीटर बाहेर. पुन्हा मोजलं. दोनच.

"कापू पट्टी?"

"हात लावू नकोस!" काका कडाडले. "बत्तीस वर्षांत माझं सील आदेशाशिवाय तुटलेलं नाही. आदेश लेखी लागतो, आणि त्यात कारण लागतं."

अकराला दहा कमी. रसिकाने एकदा छताकडे बघितलं. मग संचिताची वही ओढली, चार ओळी खरडल्या, पान फाडून काकांपुढे धरलं. काकांनी चष्मा लावून ते मोठ्याने वाचायला घेतलं.

"केबलीचे सील तोडावे. कारण की, अर्जदाराला पुण्याला जायचे नाही. संचिताला आजोबांशिवाय गणित येत नाही. अर्जदाराला याच घरात राहायचे आहे. सबब..." सबबच्या पुढे काकांचा आवाज गेला नाही. त्यांनी तो कागद पुन्हा मनात वाचला. मग उलटून मागे काही लिहिलंय का तेही बघितलं. मागे नऊचा पाढा होता.

कात्री त्यांनी स्वतः चालवली. प्लग टक्कन बसला आणि पडदा उजळला.

"अरे, हे तर पहिल्यावरचंच चित्र! ही नक्कल झाली. मूळ प्रत कुठली?"

"थांबा ना काका, आता दोघांना वेगळं करतो," म्हणत जयेशने दोन कळा दाबल्या. माउसचा बाण पहिल्या पडद्याच्या कडेवरून निघाला आणि दुसऱ्यात शिरला. काकांनी वाकून दोन पडद्यांच्या मधल्या फटीत बघितलं. बाण मधे कुठे होता, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं.

अकराच्या ठोक्याला निशा मॅडम पडद्यावर आल्या. त्यांनी टेबल बघितलं, दोन्ही पडदे बघितले आणि म्हणाल्या, "छान! घरूनच काम चालू ठेवा. मागे कोण उभे आहेत?"

"माझे सासरे," रसिका म्हणाली.

काका पुढे झाले, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "तुमचं ओळखपत्र दाखवा."

रसिकाने डोळे मिटले. मग निशा मॅडमनी गळ्यातलं कार्ड काढून कॅमेऱ्यासमोर धरलं. काकांनी नंबर सावकाश उतरवून घेतला, "घरूनच काम" हे शब्द तारखेसह त्याखाली लिहिले आणि वही माझ्यापुढे सरकवली.

"सही करा. उद्या ही बाई नाही म्हणाली तर?"