जाळीवरचा गुंडू

गुंडू तांडेल बहारीनमध्ये सात वर्षं गवत उपसत होता. वीज तयार करण्याच्या कारखान्यात गवत कुठून आलं, असं रजेवर गेला की गावातली माणसं विचारायची, आणि तो दर खेपेला न कंटाळता समजावून सांगायचा. यंत्रं तापतात, त्यांना गार ठेवायला समुद्राचं पाणी लागतं. ते कालव्यातून आत येतं आणि येताना समुद्रातलं गवत, शेवाळ, मेलेले मासे असलं काय काय घेऊन येतं. कालव्याच्या तोंडाशी लोखंडी गजांची जाळी. तिच्यावर अडकलेलं सगळं लांब दांड्याच्या दाताळ्याने ओढून वर काढायचं. नाही काढलं तर पाणी अडतं, पाणी अडलं की यंत्र बंद पडतं, आणि मग ऐन ऑगस्टात निम्म्या मनामा शहरातल्या घरांतले एसी गप्प होतात. इतकं सगळं ज्याच्या दोन हातांवर अवलंबून, त्याचा हुद्दा कागदावर 'क्लीनर' असा होता. झाडूवाल्याचाही तोच.

मालवणजवळच्या किनाऱ्यावरचा हा माणूस, बापाबरोबर होडीवर वाढलेला. नईम वस्तीतल्या सहाजणांच्या खोलीत त्याने भिंतीवर तिथींचं कॅलेंडर लावलं होतं, ते उपासासाठी नव्हे, कामासाठी. अष्टमीच्या आसपास पाण्याला जोर नसतो, तेव्हा जाळीवर दोघं पुरतात. पुनवेला आणि अवसेला उधाण येतं, पाणी पार उथळ किनाऱ्यावर चढतं आणि ओहोटीबरोबर तिथलं उपटलेलं गवत कालव्यात लोटतं. त्यात दोन दिवस उत्तरेचा वारा सुटला असेल तर बोलायलाच नको. त्या दिवशी सहा माणसं उभी करायची. पहिली सहा वर्षं मुकादम त्याचं ऐकत असे, कारण त्याला कामाशी मतलब होता, तिथीशी नव्हे. त्या सहा वर्षांत जाळीमुळे यंत्र एकदाही बंद पडलं नाही. याची नोंद कुठेच नाही. जे बिघडलं नाही त्याची नोंद कोण ठेवतो?

मग विवेक साहेब आले. पुण्याचे, अठ्ठावीस वर्षांचे, मेंटेनन्सचे इंजिनिअर. आपला मराठी साहेब आला म्हणून गुंडूला कोण आनंद झाला. पहिल्याच दिवशी साहेबांनी चव्वेचाळीस वर्षांच्या गुंडूला 'अरे गुंडू, तू' म्हटलं तेही त्याने आपुलकीच्या खात्यात टाकलं. इथे मला गुंडूचाच राग येतो. पण घरापासून लांब राहणाऱ्याचे कान आपल्या भाषेला इतके भुकेले असतात, की त्या भाषेत कोणी काय बोलतंय तिकडे लक्षच राहत नाही.

साहेबांनी कालव्यावर विजेवर फिरणारी नवी जाळी आणवली. साखळीवर सतत फिरायची आणि अडकलेलं गवत स्वतःच वर आणून टाकायची. चांगली होती, खोटं कशाला बोला. पण ती बसल्याबरोबर साहेबांनी सहातले चार जण दुसरीकडे हलवले. उरले गुंडू आणि त्याच्याच गावचा शंभू.

सन त्र्याऐंशीचा ऑगस्ट. अवस सोमवारी होती. त्याआधीच्या शनिवारी गुंडू साहेबांच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला.

"साहेब, सोमवारी आमावाशा. वारो उत्तरेचो सुटलोहा. गवात खूप येतला. दोन दिवस सहा माणसां व्हयी."

साहेबांनी मान वर केली आणि हसले. "गुंडू, ही वीज बनवायची जागा आहे, देवळाचा उत्सव नाही. तिथी-बिथी मला सांगू नकोस. मशीन कशाला आणलंय?"

बाजूच्या टेबलावरचे दोघेही हसले. गुंडूने पुन्हा एकदा सांगून पाहिलं आणि परत आला. साहेबांनी ते कुठेही लिहून ठेवलं नाही.

मंगळवारी सकाळी ओहोटी लागली आणि गवत आलं. दोघांनी अकरा वाजल्यापासून दाताळी मारली, अंगातला घाम संपेपर्यंत. दोनच्या सुमारास फिरत्या जाळीच्या साखळीत गवताचा हा मोठा दोर वळून बसला आणि साखळी कर्र करून अडकली. आतलं पाणी खाली खाली जाऊ लागलं. आता तो पीळ शिडीवरून खाली उतरून हातानेच काढायला हवा होता. मशीनचं बटण होतं कंट्रोल रूममध्ये. गुंडूने जाळीवरच्या केबिनमधून तिकडे फोन लावला.

"साहेब, साखळी अडाकली. मशीन बंद करा, म्हणजे खाली उतराक येयत."

"अडकलीये ना? मग ती बंदच आहे," विवेक साहेब म्हणाले.

"नाय साहेब, बटाण बंद करूक व्हयां."

"बटण बंद केलं की परत चालू करायला अर्धा तास जातो, तोवर पाण्यावाचून युनिट बंद पडेल. दुपारचे दोन वाजलेत, सगळ्या गावाचा लोड माझ्या डोक्यावर आहे. काढा ते गवत लवकर. यल्ला, चला."

गुंडूने फोन हातात धरूनच दाराबाहेर तोंड काढलं आणि शंभूला सांगितलं, "साहेब म्हणतत, काढा." हे तीन शब्द तो जन्मात विसरला नाही. तो परत फोनवर हुज्जत घालायला वळला, तोवर शंभू शिडी उतरून गेला होता. त्याने पीळ कापला. पीळ सुटला, आणि बंदच असलेली साखळी फिरली. शंभूचा उजवा हात कोपरापर्यंत तिच्याबरोबर गेला.

युनिट काही बंद पडलं नाही. त्या दुपारी मनामात कोणाचाही एसी थांबला नाही.

चौथ्या दिवशी साहेबांनी गुंडूला बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. सात वर्षांत पहिल्यांदा. समोर टाइप केलेला इंग्रजी कागद सरकवला. "अपघात झाला एवढंच लिहिलंय. तू साक्षीदार, इथे सही कर. शंभूचं काम लवकर होईल."

गुंडू चौथी शिकलेला. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. सही करायला पेन उचललं, पण ते चालेना, म्हणून तो कागद घेऊन बाहेर टायपिस्ट खदिजाकडे दुसरं पेन मागायला गेला. खदिजा तिथलीच, सनाबिस गावची. तिच्या बापाचे किनाऱ्यावर मासे धरायचे कुंपणाचे सापळे होते, म्हणून उधाणाच्या गप्पा ती गुंडूशी मोडक्या हिंदीत मारत असे. कागद तिनेच टाइप केला होता. तिने पेन दिलं नाही.

"पढा इसमें क्या है?" तिने हळूच विचारलं.

"अपघात."

"नहीं. लिखा है, शंभू को मना किया था, फिर भी अपनी मर्जी से नीचे गया. शंभू का गलती. साइन करेगा तो अगले हफ्ते उसको प्लेन में बिठाएगा. खलास."

गुंडूच्या डोक्यात तिडीक गेली. शंभूच्या हाताची जखम अजून वाहत होती. तशा माणसाला, दोष कपाळी मारून, इलाज अर्धवट सोडून घरी पाठवायचा घाट, आणि तो त्याच्याच गावच्या माणसाच्या सहीने. वर मराठीत गोड बोलून. परक्याने गळा कापला असता तर निदान भाषा तरी परकी असती.

तो साहेबांकडे परत गेलाच नाही. कागद खदिजाच्या टेबलावर ठेवला आणि तडक जाळीवरच्या केबिनमध्ये गेला. तिथे पानांना नंबर घातलेली लॉगबुक होती. पान फाडायची सोय नव्हती. साहेब त्यात रोज इंग्रजीत 'इनटेक नॉर्मल' लिहीत आणि गुंडू खाली मराठीत सही ठोकी. त्या दिवशी गुंडूने आख्खं पान मराठीत भरलं. अक्षर पोराटोरांसारखं, शुद्धलेखनाच्या नावाने शून्य. पण शनिवारी काय सांगितलं, फोनवर काय झालं, सगळं होतं.

आठवड्याच्या तपासणीला गोरा सुपरिंटेंडेंट आला. पान बघून थबकला. कारखान्यात ती लिपी वाचू शकणारा साहेब एकच. सुपरिंटेंडेंटने विवेक साहेबांना बोलावून घेतलं आणि गुंडूच्या समोर म्हटलं, वाचा.

विवेक साहेबांनी वाचलं. मनातल्या मनात, शेवटपर्यंत. चेहरा उतरला, मग सावरला. आणि ते इंग्रजीत म्हणाले, "ही सेज ही इज व्हेरी सॉरी, सर."

सॉरी हा शब्द गुंडूला चांगला ठाऊक होता. सात वर्षं तो तोच तर म्हणत आला होता, चूक असो वा नसो.

"नो सॉरी," गुंडू म्हणाला. आवाज चढला नाही. "सॅटरडे आय टेल. बिग वॉटर कमिंग. सिक्स मॅन गिव्ह. ही लाफ. ट्यूसडे आय टेल, मशीन स्टॉप. ही टेल, नो स्टॉप. शंभू हँड फिनिश."

असलं मोडकंतोडकं इंग्रजी त्या खोलीत कधी कोणी बोललं नसेल, आणि इतकं खरंही. सुपरिंटेंडेंटने बंदराच्या भरती-ओहोटीचं छापील पुस्तक मागवलं. ते विवेक साहेबांच्याच खणात होतं, कोरं करकरीत. मंगळवारच्या रकान्यात त्या महिन्यातलं सगळ्यात मोठं पाणी छापलेलं होतं. पंचांगच की ते, फक्त इंग्रजीत.

"त्याने सहा माणसं मागितली होती?" सुपरिंटेंडेंटने विचारलं.

विवेक साहेब छापील रकान्याकडे बघत "येस, सर" म्हणाले.

कागद बदलला. शंभूच्या नावावरचा दोष गेला, आणि जखम पुरी भरेपर्यंत त्याला कोणी हलवलं नाही. जाळीवर पुन्हा सहा माणसं आली. विवेक साहेबांची बदली झाली, हेड ऑफिसात, बढतीवर. आणि डिसेंबरात गुंडूचा व्हिसा संपला, तो कोणी वाढवला नाही. कारण विचारलं तर कारण नव्हतं.

निघायच्या दिवशी तो गेटपाशी ट्रंक घेऊन उभा होता. विवेक साहेबांची गाडी आली आणि थांबली. काच खाली झाली.

"गुंडू, तू चूक केलीस," साहेब म्हणाले. त्यांना खरोखरच वाईट वाटत असावं. "लॉगबुकात कशाला लिहिलंस? गोऱ्यासमोर आपली शोभा. माझ्याकडे आला असतास तर आपण आपसात मिटवलं असतं."

गुंडूने ट्रंक खाली ठेवली.

"आपसातच होता, साहेब," तो म्हणाला. "फोनार तुमी नि मी, दोगेच होतंव. मराठीतच बोलत होतंव. म्हणान तर शंभूचो हात गेलो."